मुगाला जागा, मुळाखाली स्फुरद

अमळनेर, पारोळा, शिंदखेडा या खानदेशातल्या पट्ट्यात मूग म्हणजे पोळ्याच्या खर्चाचं पीक. कपाशीला गोण्यांवर गोण्या आणि फवारण्यांवर फवारण्या. मुगाला घरचं बी, उरलंसुरलं खत आणि पडेल तो पाऊस. एकदा पेरला की त्याच्याकडे लक्ष जातं ते थेट शेंगा काळ्या पडल्यावर. मला हे कधीच पटलं नाही. साठ-सत्तर दिवसांत पैसा हातात देणारं, थोड्या पाण्यावर निभावणारं आणि दादरसाठी, म्हणजे रब्बी ज्वारीसाठी, जमीन मोकळी करून देणारं दुसरं पीक आमच्या कोरडवाहू शिवारात मला तरी माहीत नाही. 2025-26 साठी केंद्र सरकारने मुगाचा हमीभाव क्विंटलला 8,768 रुपये ठरवला. एवढ्या मोलाच्या पिकाला आपण पेरणीचे दोन तास नीट देत नाही, याचं मला वाईट वाटतं.

नीट करून बघायचं मनाने घेतलं ते 2023 नंतर. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमचा मूग तेव्हा फुला-शेंगांत होता. नेहमीसारखा तिफणीने पेरलेला, दाट. दुपारी वावरात गेलं की पानं मलूल, खालची पिवळी पडून गळलेली, शेंगा बोटाच्या पेराएवढ्या राहिलेल्या. त्याच वावरात एका ठिकाणी मात्र झाडं हिरवी दिसली. वाकून बघितलं तेव्हा उलगडा झाला. पेरताना तिफणीचं एक नळं मातीने तुंबलं असणार, त्यामुळे एक तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, पूर्ण रिकामं गेलं होतं. त्या रिकाम्या तासाच्या दोन्ही अंगांची झाडं फांद्या सोडून उभी होती आणि त्यांच्या शेंगा भरत होत्या. पाऊस तोच, जमीन तीच, बी तेच. त्यांना मोकळी जागा मिळाली होती, एवढाच फरक.

घरी विषय काढला तेव्हा यांनी लगेच होकार दिला. आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, प्रश्न वेगळा होता. "मूगले कसाले खत, माय?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. मूग आपलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, हवेतून मिळवतो, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नाही, दादरच्या रंगावरून ओळखलेलं आहे. मुगाच्या बेवडावर, म्हणजे आधी मूग घेतलेल्या जमिनीत, दादर चांगली येते, हे तापीकाठच्या प्रत्येक जुन्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच होतं, की नत्राचं मूग बघून घेईल, पण स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, तो हवेतून आणू शकत नाही.

आमच्या मातीच्या आरोग्यपत्रिकेत ते स्पष्ट होतं. सामू (पीएच) आठाच्या वर, चुनखडी जास्त, सेंद्रिय कर्ब कमी, नत्र कमी, स्फुरद कमी, पालाश (पोटॅश) भरपूर. खोल काळ्या जमिनीत पालाश बहुतेक वेळा पुरेसा असतो, म्हणून तो मी बाजूला ठेवला. खरी अडचण स्फुरदाची. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद टाकला की थोड्याच दिवसांत त्यातला बराच भाग चुन्यात अडकतो आणि मुळांच्या उपयोगाचा राहत नाही. शिवाय स्फुरद पाण्याबरोबर फारसा हलत नाही. जिथे पडेल तिथेच राहतो, त्याच्याकडे मुळानेच जावं लागतं. वरून फेकलेलं डीएपी खत वरच्या इंचभर थरात पडून राहतं, आणि तो थर पावसाने दोन दिवस ताण दिला की कोरडा. मूळ तिथे जाईलच कशाला?

खताचा डोस मात्र वाटतो तितका मोठा नाही. मुगाची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी 20 किलो नत्र आणि 40 किलो स्फुरद, म्हणजे एकरी 8 आणि 16 किलो. डीएपीत 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद असतो. एकरी 35 किलो डीएपीत 16 किलो स्फुरद बसतो आणि सहा किलोच्या वर नत्रही येतं. म्हणजे पूर्ण गोणीसुद्धा लागत नाही. दुसरा मार्ग सिंगल सुपर फॉस्फेटचा. त्यात स्फुरद 16 टक्के, म्हणून एकरी दोन गोण्या, आणि सोबत सतरा-अठरा किलो युरिया. वाहायला जड, पण सुपरमधून एकरी 11 किलो गंधकही मिळतं. डाळीच्या दाण्यात प्रथिनं तयार व्हायला गंधक लागतं, आणि डीएपीच्या मागे लागल्यापासून आपण ते जमिनीला देणंच सोडलं आहे.

बांधालगतच्या लांब तुकड्याचे पट्टे पाडले. एका पट्ट्यात गावची पद्धत: दाट तिफण, एकरी आठ-नऊ किलो बी. दुसऱ्यात फुटाफुटावर ओळी. तिसऱ्यात बीबीएफ, म्हणजे रुंद वरंब्यावर चार ओळी आणि दोन्ही बाजूंना सरी. विहिरीच्या कोपऱ्यात थोडी टोकणी, म्हणजे हाताने एकेक बी लावणं. या पट्ट्यांना आडवे छेद देत खताचे वाटे केले. एक बिनखताचा, एकात डीएपी वरून फेकलेला, एकात डीएपी बियाच्या खाली, एकात सुपर आणि थोडा युरिया बियाच्या खाली, आणि एकात गावात करतात तसा पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास वरून युरिया. दाट तिफणीच्या एका वाट्यात बी आणि डीएपी एकाच चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या नरसाळ्यात, मिसळून पेरलं, कारण निम्मं गाव तसंच पेरतं आणि त्याचं काय होतं ते बघायचं होतं. जुन्या लुगड्याचे काठ फाडून खुंट्यांना बांधले, हिरवा, लाल, पिवळा. कोणत्या रंगाला काय दिलं ते वहीत लिहून ठेवलं. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पिकाने जमीन झाकली की कुठे काय टाकलं ते कुणालाच आठवत नाही.

बी वैभव जातीचं घेतलं. राहुरीच्या विद्यापीठाची ही जात भुरी रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि आमच्याकडे श्रावणाच्या अखेरीस भुरीच जास्त येते. बी किती लागतं याचा हिशेब मी घरीच केला होता. मुगाच्या हजार दाण्यांचं वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास भरतं. दोन ओळींत तीस सेंटिमीटर आणि दोन झाडांत दहा सेंटिमीटर ठेवलं तर एकरात एक लाख तेहतीस हजार झाडं बसतात. त्याला सव्वापाच किलो बी पुरतं. उगवण शंभर टक्के नसते म्हणून सहा किलो धरायचं. मग आठ-नऊ किलो पेरून आपण काय मिळवतो? वरची तीन किलो झाडं खालच्या सहा किलोंचं पाणी पितात.

बियाला जिवाणू चोळणं हा या सगळ्या उद्योगातला माझा सगळ्यात आवडता भाग. रायझोबियमचं, म्हणजे हवेतलं नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट घेताना एका दुकानात हरभऱ्याचं पुढे आलं. "डाळीचंच आहे, चालतं," असं उत्तर मिळालं. चालत नाही. हरभऱ्याचा रायझोबियम वेगळा. मूग, उडीद, तूर, चवळी, भुईमूग यांचा गट एक, त्याला चवळी गट म्हणतात. पाकिटावर पीक वाचूनच घ्यायचं, आणि तारीखही वाचायची, कारण आत जिवंत वस्तू आहे. उन्हात तापलेल्या शेडमध्ये ठेवलेलं पाकीट घेऊन उपयोग नाही.

आदल्या रात्री गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार केलं. सकाळी सावलीत गोणपाटावर बी पसरलं. आधी ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला आवरणारी बुरशी, किलोला पाच ग्रॅम. मग गुळाच्या पाण्यात रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू कालवून हलक्या हाताने चोळले. दहा किलोला अडीचशे ग्रॅमचं पाकीट पुरतं. जिवाणूंची भुकटी काळी असते. दोन मिनिटांत हिरवे दाणे काळपट झाले, आणि हात मनगटापर्यंत. इथे घाई करायची नाही. जोरात रगडलं तर मुगाची पातळ साल निघते, आणि साल निघालेला दाणा उगवत नाही. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. ज्यांना रासायनिक बुरशीनाशक लावायचं असेल त्यांनी ते आधी लावून सुकू द्यावं, जिवाणू सगळ्यात शेवटी.

पहिल्या शिंतोड्यावर पेरायचा मोह आम्ही टाळला. चांगला पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली, वापसा आला, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून माती पेरणीजोगी झाली, मग पेरलं. खताचं वेगळं चाडं असलेलं पेरणीयंत्र भाड्याने आणलं होतं. त्यात खताचा फण बियाच्या फणापेक्षा दोनेक इंच खोल आणि किंचित बाजूला चालतो. बी चार-पाच सेंटिमीटरवर. मी मागे चालत जागोजागी बोटाने माती उकरून बघत होते. कुठे बी अडीच-तीन इंच खाली गेलेलं दिसलं की यंत्र थांबवून पुन्हा बसवायला लावत होते. ट्रॅक्टरवाला वैतागला, पण मुगाचा कोंब माती फोडून दोन्ही डाळिंब्या वर उचलून आणतो. खोल पडलेल्या दाण्याची सगळी ताकद त्यातच जाते, आणि मध्ये पावसाने वरची माती घट्ट बसली तर कोंब आत वाकडा होऊन मरतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी उगवण दिसू लागली आणि पहिला फरकही. बी आणि डीएपी एकत्र पेरलेल्या वाट्यात ठिकठिकाणी खाडे. उकरलं तर दाणे फुगून मऊ पडलेले, काहींच्या मुळांची टोकं तपकिरी. खताचा खार कोवळ्या मुळाला लागला की असंच होतं, आणि वर चोळलेले जिवाणूही त्याच्या शेजारी तग धरत नाहीत. बियापासून दोन इंच लांब दिलेल्या डीएपीने असं काहीच केलं नव्हतं. खत तेच, मात्राही तेवढीच.

दहा-बारा दिवसांनी विरळणी. ही गोष्ट मजुरीला येणाऱ्या मावश्यांच्या गळी उतरवणं सगळ्यात अवघड गेलं. उगवलेलं रोप उपटायचं म्हणजे पाप, असं आपल्याकडे मानतात आणि त्यामागे अन्नाबद्दलचा आदर आहे, म्हणून मी वाद घातला नाही. एका ओळीत मी स्वतः करून दाखवली. वीतभर अंतरात दोनच झाडं ठेवायची, त्यातही जोमदार. माती ओली असताना ओढायचं, शेजारच्या झाडाचं मूळ हलू द्यायचं नाही. दाट तिफणीच्या पट्ट्याला आम्ही हात लावला नाही.

पेरणीला तीन आठवडे झाले आणि मी खुरपं घेऊन प्रत्येक वाट्यातलं एकेक झाड मातीच्या ढेकळासकट काढलं. ओढून काढलं तर मुळांवरच्या जिवाणूंच्या गाठी मातीतच तुटून राहतात. म्हणून बाजूने खणायचं, ढेकूळ बादलीत बुडवायचं आणि माती आपोआप सुटू द्यायची. बियाखाली सुपर दिलेल्या झाडाच्या मुख्य मुळाच्या वरच्या भागात मोहरीपासून लहान वाटाण्यापर्यंतच्या गोल गाठींचा झुबका होता. एक गाठ नखाने फोडली. आत गुलाबी-लाल. हा रंग असला म्हणजे आतले जिवाणू हवेतलं नत्र बांधत आहेत, गाठ कामाला लागली आहे. बिनखताच्या वाट्यातही गाठी होत्या, जिवाणू चोळल्यामुळे असणार, पण लहान आणि मोजक्या. डीएपी वरून फेकलेल्या वाट्यातलं मूळ जवळजवळ बिनखताच्या वाट्यासारखंच निघालं. बियाखालच्या डीएपीचं सुपरच्या बरोबरीने. गाठ तयार करायला आणि तिच्यातलं काम चालवायला झाडाला भरपूर स्फुरद लागतो. तो मुळाच्या वाटेत असला तरच मिळतो.

ती मुळं मी पाटीत ठेवून आबांसमोर नेली. त्यांनी चष्मा लावून एक गाठ स्वतः फोडली, बोटाला लागलेला रंग बघितला. "आठे पाह्य, लाल शे," त्यांनी यांना बोलावून दाखवलं. त्या दिवसापासून खताच्या जागेवरून घरात वाद झाला नाही.

जुलैत एकदा झड लागली. काळ्या जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो, आणि सपाट पट्ट्यांत ते तासांमध्ये साचून राहिलं. उघडीप झाल्यावर सपाट वाट्यांतला मूग पिवळट दिसू लागला. शेजारचे जिभाऊ बांधावर आले आणि म्हणाले, नत्र कमी पडलं, युरिया फेका. मी पुन्हा एक झाड काढलं. गाठी होत्या, पण फोडल्यावर आत फिकट. मुळाला आणि गाठींना हवा लागते. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की गाठींचं काम थांबतं आणि झाड पिवळं पडतं. अशा वेळी आधी पाणी काढायचं आणि वापसा येताच कोळपणी करून वरचा थर मोकळा करायचा. आम्ही तेच केलं, आणि आठवड्याभरात रंग परतला. बीबीएफच्या वरंब्यांवर हा प्रकार झालाच नाही. जास्तीचं पाणी सऱ्यांतून बांधाकडे निघून गेलं, ओळी वर कोरड्या राहिल्या. पुढे पावसाने ताण दिला तेव्हा सऱ्यांतली ओल वरंब्याला बराच काळ पुरली. ज्यांची जमीन खोल काळी आहे त्यांना मी आग्रहाने सांगेन की मूग वरंब्यावरच घ्या. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत मात्र एवढा फायदा दिसेल असं मला वाटत नाही. तिथे फुटाच्या ओळी पुरेशा आहेत.

युरियाच्या वाट्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण गावात सगळ्यांना तोच आवडला होता. वरून युरिया दिल्यावर आठ दिवसांत तिथला मूग काळाभोर हिरवा झाला, गुडघ्याच्या वर गेला, पानं रुंद. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण तिथे थांबून विचारायचा. पण त्याची गाठ फोडली की आत पांढुरकं. मातीत आयतं नत्र मिळालं की झाड जिवाणूंना पोसत नाही, गाठी कमी आणि दुबळ्या राहतात. फुलं त्या वाट्याला उशिरा आली. कोवळ्या शेंड्यांवर मावा सगळ्यात आधी तिथेच बसला, आणि भुरीचे पांढरे ठिपकेही पहिल्यांदा तिथल्याच खालच्या पानांवर दिसले, कारण आत वाराच खेळत नव्हता. पेरणीच्या वेळचं थोडं नत्र वेगळं. गाठी कामाला लागेपर्यंतचे पहिले दोन-तीन आठवडे रोपाला त्याचा आधार लागतो. त्यानंतर युरियाची गोणी मुगाच्या वावरात नेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

तणाचं फार लिहीत नाही. पहिला महिनाभर वावर स्वच्छ ठेवला की पुढे मूग स्वतःच जमीन झाकतो. दोन कोळपण्या आणि एक निंदणी यात भागलं. दाट पट्ट्यात कोळपं धड फिरतच नव्हतं, तिथे मजुरी जास्त लागली. पिवळ्या मोझॅक रोगाची काही झाडं निघाली. ती दिसताच उपटून पुरली आणि पांढऱ्या माशीसाठी निंबोळी अर्क फवारला. फुलं लागताना एका भागात दोन टक्के डीएपी फवारून बघितलं. रात्रभर भिजवून वरची निवळी गाळून घ्यायची, दहा लिटरला दोनशे ग्रॅम. दाणे थोडे ठसठशीत झाले, पण जिथे खाली स्फुरद नव्हता तिथे या फवाऱ्याने ती उणीव भरून निघाली नाही.

श्रावणात कानबाई, आमच्या खानदेशाची देवी, बसली तेव्हा खालच्या शेंगा पिकू लागल्या होत्या. तिच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जेवणाचे, दिवस संपले की तोडणी. मूग एकदम पिकत नाही, म्हणून दोन तोडे, आणि तेही सकाळी दंव असताना. उन्हं चढली की वाळलेली शेंग हात लावताच तडकते आणि दाणे मातीत जातात. पट्ट्यांच्या पद्धतीचा एक फायदा मला तोडणीत कळला, तो कुठल्याही तक्त्यात नसतो. ओळीत आणि वरंब्यावर बायकांना पाय ठेवायला जागा असते, शेंगा पानांच्या वर दिसतात. मावश्या दाट पट्ट्यात जायला नाखूष आणि वरंब्याकडे आपणहून वळत होत्या. दाट पट्ट्यात वाकून पानं बाजूला सारावी लागतात, पायाखाली फांद्या मोडतात, आणि दुसऱ्या तोड्याला तिथे फारसं काही उरत नाही.

झाडागणिक शेंगा मोजल्या. दाट तिफणीत झाडाला सहा-सात, बारीक, त्यातल्या एक-दोन पोच. फुटाच्या ओळीत, बियाखाली खत असलेल्या वाट्यात पंधरा-सोळा. वरंब्यावर सुपरच्या वाट्यात वीस-बावीसपर्यंत, आणि सरीच्या कडेच्या झाडांना त्याहूनही जास्त. विहिरीजवळच्या टोकणीची झाडं सगळ्यात देखणी होती, पण एवढ्या मजुरीत एकरभर टोकणी कोणाला परवडणार? बियाण्यासाठीचा मूग असेल तर गुंठा-दोन गुंठे करावी. मोकळ्या जागेत झाडं कमी असतात, म्हणून शेवटी भरवसा फक्त वजनकाट्याचा. प्रत्येक वाट्याचा मूग वेगळ्या गोणीत भरून, वेगळा वाळवून तोलला. वरंबा आणि बियाखाली सुपर हा वाटा पहिला, त्याला अगदी चिकटून बियाखाली डीएपी दिलेला. सुपरचे दाणे जरा जास्त चकचकीत आणि एकसारखे वाटले, ते गंधकामुळे असावं. फुटाच्या ओळींचा, बियाखाली खताचा वाटा तिसरा. दाट तिफण, मग तिला खत कसंही दिलेलं असो, तिघांच्याही मागे. वरून डीएपी फेकलेल्या वाट्याने बिनखतापेक्षा जेमतेम जास्त दिलं, खताचा पैसाही निघाला नसता. आणि ज्या युरियाच्या वाट्यासमोर लोक थांबायचे, त्याची गोणी हलकी भरली. त्याचा पालापाचोळा मात्र भरपूर झाला.

दुसरा तोडा होताच उरलेली झाडं रोटाव्हेटरने जमिनीत गाडली. मूग तोडला की झाड उपटून बांधावर टाकायची सवय आमच्याकडेही होती. गाठींचं आणि पानांचं नत्र त्याच वावरात राहिलं पाहिजे, म्हणून या वेळी एक काडी बाहेर जाऊ दिली नाही. ओल धरून दादर पेरली. बांधापलीकडच्या तुकड्यात बाजरी होती, तिच्यावरही दादरच घेतली, बी आणि पेरणी एकाच दिवसाची. महिनाभरात दोन्हीकडचा फरक लांबून दिसत होता: मुगावरची दादर गडद, बाजरीवरची फिकट आणि बुटकी. मुगाच्या तुकड्यातही जिथे स्फुरद बियाखाली गेला होता, तिथे ताटं जाड आणि कणसं भरीव निघाली. स्फुरदाचा उरलेला भाग पुढच्या पिकाला थोडा थोडा मिळत राहतो, शिवाय तिथे मुगाची मुळं आणि गाठीही जास्त होत्या. दोन्ही गोष्टी मिळून हे झालं असं मी धरते.

या खरिपात सगळा मूग वरंब्यावर. बीबीएफ यंत्र आणि खताचं वेगळं चाडं असलेलं पेरणीयंत्र दोन्ही एकाच यंत्रात मिळतात, ते जिभाऊंच्या गटाकडून आधीच सांगून ठेवलं आहे. जिभाऊ स्वतःही त्यावरच पेरणार आहेत. एकरी सहा किलो बी, दोन गोण्या सुपर बियाखाली, युरिया फक्त पेरणीसोबत. कपाशीच्या दोन तासांमध्ये मुगाचं एक तास घेऊन त्याच्याखालीही असाच स्फुरद द्यायचा, हे यंदाचं नवीन काम. कपाशी आणि मूग एकाच खताच्या पट्ट्यातून किती घेतात, ते खुरप्याने मुळं काढूनच कळेल. त्यासाठी खुंट्या आणि काठाच्या चिंध्या धुवून ठेवल्या आहेत.